तुमची पट्टी किती हर्ट्झची? मोबाईल काढा आणि घरीच मोजा

पुण्यात गाणं शिकणाऱ्या कुणालाही विचारा तुझी पट्टी (म्हणजे ज्या सुराला सा धरून गातोस तो, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या नंबरानं सांगतात) कुठली, लगेच उत्तर येतं, काळी एक, पांढरी पाच, काळी चार वगैरे, पण त्याच माणसाला विचारा की काळी एक म्हणजे सेकंदाला किती कंपनं, की गाडी अडलीच. खरं तर यात अवघड काही नाहीये. आवाज म्हणजे हवेचा दाब कमी-जास्त होत पुढं सरकत जाणं, एका सेकंदात तो जितक्या वेळा वर-खाली होतो तो आकडा म्हणजे फ्रिक्वेन्सी, तिचं माप हर्ट्झ, आणि आकडा वाढला की कानाला सूर चढा लागतो, कमी झाला की उतरा. इतपत शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. राहून जातं ते हे की कान हा आकडा बेरजेनं धरत नाही, पटीनं धरतो, आणि हे एकदा स्वतः करून बघितलं ना की पेटी, तंबोरा, बाटली, गाडीचा हॉर्न, सगळ्यांचा हिशोब एकदम लागायला लागतो. तर ते कसं करायचं ते सांगतो.

सामान फार नाही. मोबाईल, त्यावर फायफॉक्स नावाचं फुकट अॅप (जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं केलंय, जाहिरातींचा त्रास नाही), एखादं तानपुरा अॅप, जमलं तर पेटी किंवा कीबोर्ड, आणि सरबताची ७५० मिलीची काचेची रिकामी बाटली. फायफॉक्समध्ये आपल्याला तीनच गोष्टी लागणार, ऑडिओ स्पेक्ट्रम (आवाजात कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात आहे त्याचा आलेख), ऑडिओ ऑटोकोरिलेशन (लावलेल्या सुराचा आकडा सांगतं) आणि टोन जनरेटर (टाकलेल्या आकड्याचा सूर वाजवतं). पंखा बंद करा, माइकवर वारा आला की आकडे नाचतात. शांत वेळ बघा, म्हणजे पुण्यात पहाटे पाच-साडेपाच, तेही सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू व्हायच्या आत.

आधी मोबाईल खरं बोलतोय का ते बघा

हे बरेच लोक करत नाहीत आणि मग अॅपला शिव्या देतात. गल्लीत कोपऱ्यावर महावितरणची डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) असते ना, जाळीच्या आत, शेजारी "धोका" लिहिलेली पाटी, तिची गुणगुण चालू असते दिवसरात्र. जाळीच्या बाहेर, फुटपाथवरच उभं राहायचं, हात आत घालायचा नाही हे सांगायला लागू नये पण सांगतो, आणि स्पेक्ट्रम चालू करायचा. १०० हर्ट्झला एक सरळ सुळका दिसेल, मग २००, ३०० वगैरेलाही छोटे-मोठे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची मग आवाज १०० चा का, तर आतला लोखंडी गाभा चुंबकत्वामुळं किंचित ताणला जातो आणि सुटतो, आणि करंट या दिशेला वाहिला काय नि त्या दिशेला वाहिला काय, ताणला तो दोन्ही वेळा जातोच. म्हणून विजेच्या एका फेऱ्यात दोन ताण, ५० चे १००. देशभरातली ग्रिड एकच आणि तिची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ च्या आत ठेवायचा नियम आहे, त्यामुळं कोथरूडची डीपी काय आणि हडपसरची काय, सूर एकच. फुकटचा ट्युनिंग फोर्क म्हणा. मोबाईलनं इथं ९९.८ ते १००.१ च्या आसपास दाखवलं तर तो विश्वासाचा आहे असं धरून पुढं जा.

सुळका फारच रुंद दिसतोय, आकडा ९४ आणि ११७ असा उड्या मारतोय, तर सेटिंग्जमध्ये सॅम्पल्सचा आकडा वाढवा. कारण साधं आहे, एखादी गोष्ट सेकंदाला १०० वेळा होते की १०१ वेळा हे ठरवायला किमान एक सेकंद तरी ऐकायला पाहिजे, पाव सेकंद ऐकून ४ हर्ट्झपेक्षा बारीक फरक कळणार कसा. सॅम्पल्स वाढले की अॅप जास्त वेळ ऐकतं, आकडा बारीक येतो, फक्त सावकाश बदलतो.

जाता जाता, पांढरी पाच खाली खर्जात, म्हणजे खालच्या सप्तकात, ९८ हर्ट्झला येते, म्हणजे पांढरी पाचवाल्यांना डीपी थोडी चढीच लागणार. घराखाली डीपी असेल आणि रियाजात काहीतरी सतत टोचत असेल तर हे कारण असू शकतं, शेजाऱ्यांवर जायच्या आधी तपासून बघा.

आता तुमचा सा

ऑटोकोरिलेशन लावा, मोबाईल तोंडापासून वीतभर लांब धरा, आणि आरामात "आ" लावून चार-पाच सेकंद धरून ठेवा. गायचं नाही, नुसतं धरायचं. आकडा येईल. पुरुषांची काळी एक म्हणजे १३८.६ हर्ट्झ, पांढरी दोन १४६.८. बायकांची काळी चार २०७.७, काळी पाच २३३.१. तुमचा आकडा यांच्या अधेमधे कुठंतरी येईल, तीच तुमची त्या दिवशीची सोयीची जागा, सर्दी असेल तर खाली येईल.

मग तोच सूर हळू लावा, मग जोरात लावा. आकडा तोच राहायला पाहिजे. राहिला नाही, जोर वाढवला की १३८ चे १४२ झाले, तर ती आवाजाची नाही तर सवयीची गोष्ट आहे, जोर लावताना सूर चढतो बऱ्याच जणांचा. लाट किती उंच आहे त्यावर आवाज मोठा की बारीक हे ठरतं, सेकंदाला किती लाटा येतात त्यावर सूर ठरतो, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे पुस्तकात वाचण्यापेक्षा असं आकड्यात बघितलेलं चांगलं.

कधीकधी अॅप एकदम २७७ दाखवेल, किंवा ६९. घाबरू नका, तो बरोब्बर दुप्पट किंवा निम्मा आहे, अॅपनं सप्तक चुकवलंय. हे साधेसुधे ट्यूनरही करतात आणि माणसाचे कानसुद्धा करतात, पुरुषाबरोबर बाई गायली की दोघांचे आकडे दुप्पट-निम्मे असतात आणि आपण बिनधास्त म्हणतो एकाच सुरात गातायत.

बेरीज करून बघा, मग गुणाकार

हा भाग घाई न करता करा, सगळी गंमत इथं आहे. टोन जनरेटर उघडा. कानाला इअरफोन लावले तर उत्तम, आवाज मात्र बारीक ठेवा. पहिला आकडा टाका ६९.३, हा काळी एकचा खर्ज. आता दर वेळी ६९.३ मिळवत जा: १३८.६, २०७.९, २७७.२, ३४६.५, ४१५.८, ४८५.१, ५५४.४. बेरीज प्रत्येक वेळी सारखीच करताय, पण कान काय म्हणतो बघा. पहिल्या उडीत अख्खं सप्तक गेलं, खर्जाच्या सावरून मधल्या सावर आलात. पुढची उडी सा ते प. मग प ते वरचा सा. मग वरच्या सावरून ग. मग ग ते प. मग एक विचित्र सूर येतो, कोमल निषादाच्याही खालचा, पेटीत जो नाहीच. आणि मग पुन्हा सा. पायऱ्या आकड्यात सारख्या असून कानाला लहान लहान होत गेल्या.

आता गुणाकार. ६९.३, १३८.६, २७७.२, ५५४.४. दर वेळी दुप्पट. कानाला तिन्ही उड्या एकसारख्या, सा सा सा. पहिली उडी ६९ हर्ट्झची होती आणि शेवटची २७७ ची, तरी कानाला काही फरक नाही. हेच दीडपटीनं करा, कुठलाही आकडा घ्या, वाटेल तो, १७३ घ्या, त्याला दीडनं गुणा, सा-प ऐकू येणारच. सव्वापट केली की शुद्ध गंधार, चार भागिले तीन केलं की मध्यम. सुराला स्वतःचा ठरलेला आकडा नसतो, साच्या किती पट हे ठरलेलं असतं, म्हणून तर काळी एकमधला यमन आणि काळी चारमधला यमन दोन्ही यमनच.

आणि वर ती जी बेरजेची रांग केली ना, ती काही मी मनानं काढलेली नाही, ती तंबोऱ्यात आहे. खर्जाची तार छेडली की ती अख्खी हलतेच, पण त्याचबरोबर दोन भागांत, तीन भागांत, चार, पाच भागांतही हलत असते, आणि प्रत्येकाचा आपापला सूर निघतो, दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट. पाचपट म्हणजे ३४६.५, म्हणजे गंधार. तंबोऱ्यात गंधाराची तार कुणी लावलेली नसते तरी चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो म्हणतात तो हा. खोटं वाटत असेल तर तंबोरा स्पेक्ट्रमसमोर ठेवा, एकट्या खर्जाची तार छेडा आणि सुळके मोजा, ६९ च्या अंतरानं ओळीत उभे असतात. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी (तारेचा तो झणझणता नाद) खुली केली की वरचे सुळके एकदम उंच होतात, धागा काढला की बसतात. डोळ्यांनी जवारी दिसणं हा प्रकार एकदा तरी बघावाच.

मोबाईलच्या स्पीकरवर तानपुरा अॅप लावून हेच केलंत तर अजून एक गोष्ट सापडेल. त्या एवढ्याशा स्पीकरमधून ६९ हर्ट्झ जवळपास निघतच नाही, दुसऱ्या मोबाईलच्या स्पेक्ट्रमवर तिथं सपाट दिसतं, तरी आपल्याला खर्ज ऐकू येतोच. मेंदू वरच्या सगळ्या सुळक्यांमधलं अंतर बघतो, ६९-६९-६९, आणि खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे सूर ही कानाची आणि डोक्याची गोष्ट, फ्रिक्वेन्सी ही हवेतली. बहुतेक वेळा दोन्ही जुळतात, इथं हवेत नाही पण डोक्यात आहे.

पेटीचा गंधार

पेटीवाल्यांनी रागावू नये. आधी पेटी तपासा, पांढरी सहा दाबा, अॅपवर २२०, ४४० किंवा ८८० यायला पाहिजे, ४४० हे १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ठरलेलं माप. जुन्या पेट्या यापासून बऱ्याच हललेल्या असतात. भाता जोरात मारला तर आकडा थोडा हलतो, त्यामुळं एकसारखा भाता मारा. रीड खरवडून सूर लावतात, टोकाकडं खरवडलं की रीड हलकी होऊन सूर चढतो, मुळाशी खरवडलं की ती मऊ पडून उतरतो, पण हे घरी करायचं नाही, पितळ एकदा गेलं की गेलं, कारागिराकडं द्या.

पेटीत सप्तकाच्या १२ पट्ट्या सारख्या पटीत वाटलेल्या असतात, प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीच्या साधारण १.०५९५ पट. बारा वेळा गुणलं की बरोब्बर दुप्पट. सोय मोठी, कुठूनही सा धरा. पण त्या सोयीची किंमत गंधार देतो. काळी एकचा शुद्ध गंधार सव्वापटीनं येतो १७३.२, पेटीचा येतो १७४.६. दीड हर्ट्झसुद्धा नाही, मग एवढा आरडाओरडा कशाला? तर तानपुरा अॅप काळी एकवर लावा आणि पेटीवर गंधार धरून ठेवा. साचा पाचपट सूर ६९३ ला येतो आणि पेटीच्या गंधाराचा चौपट सूर ६९८.५ ला, हे दोन एकमेकांना लागून वाजतात आणि सेकंदाला पाच-साडेपाच वेळा आवाज थरथरतो, वाँ वाँ वाँ वाँ असा. आता पेटी सोडा आणि तोच गंधार गळ्यानं लावा, हळूहळू खाली या, थरथर मंदावत जाते आणि एका जागी थांबते. ती जागा शुद्ध गंधाराची. पंचमात हा त्रास जवळपास नाही, २०७.९ आणि २०७.७, म्हणून पंचमाबद्दल कुणी भांडत नाही.

तंबोरा जुळवायची युक्तीही हीच. जोडाच्या, म्हणजे मधल्या साच्या, दोन तारा, एक १३८ आणि दुसरी १३९ असेल तर सेकंदाला एक हेलकावा येतो. खुंटीनं जवळ आणा, मग तारेतला मणका (मणी) सरकवत हेलकावा लांबवत न्या, दोन सेकंदाला एक, पाच सेकंदाला एक, मग बंद. तिथं अॅपची गरजच उरत नाही, आणि खरं सांगायचं तर एवढ्या बारीक फरकाला कान अॅपपेक्षा वरचढ आहे.

एक बाटली, दोन उलटे निकाल

पोरांना हे भयंकर आवडतं. सरबताची रिकामी बाटली घ्या, तोंडावर आडवी फुंकर मारून सूर काढा आणि अॅपवर लिहून ठेवा. मग पाणी भरत भरत फुंका, सूर चढत जातो, पिंप भरत आलं की नळाचा आवाज चढतो ना तसाच काहीसा प्रकार. आता तीच बाटली चमच्यानं वाजवत पाणी भरा, सूर उतरत जातो! भांडण लागतं घरात. फुंकताना हलते ती आतली हवा, पाणी वाढलं की हवा कमी, म्हणून सूर चढतो. चमचा मारताना हलते ती काच, पाणी वाढलं की काचेला ते ओझं घेऊन हलायचं, म्हणून सावकाश. जलतरंगात वाटीत पाणी वाढवलं की सूर उतरतो तो याच्याचमुळं.

फुंकरीचा हिशोब पण पटीचाच आहे, फक्त वर्गमुळात. हवा निम्मी केली की सूर दुप्पट होत नाही, साधारण १.४१ पट होतो, म्हणजे तीव्र मध्यम. वरचा सा हवा असेल तर हवा पावपट करा, ७५० मिलीच्या बाटलीत साधारण ५६० मिली पाणी. पंचमाला साधारण ४१५ मिली. अगदी तंतोतंत येणार नाही, बाटलीच्या गळ्याचा आकार मध्ये येतो, पण जवळ नक्की येतं, मग चमचा-चमचा पाणी घालून जुळवा.

तारेचं थोडक्यात सांगतो. लांबी निम्मी केली की फ्रिक्वेन्सी दुप्पट, दोन तृतीयांश केली की पंचम, गिटारवर मोजपट्टी लावून बघा, बारावा पडदा बरोब्बर मध्यावर सापडतो. ताणाचं मात्र वर्गात आहे, सूर दुप्पट करायचा तर ताण चौपट लागतो, म्हणून खुंटी पिळून सप्तक चढवायला जाऊ नका, तार डोळ्यात जाईल.

ढोलाची पट्टी का नसते

गणपतीच्या आधी नदीकाठी पथकांचा सराव चालू असतो तेव्हा स्पेक्ट्रम घेऊन जा, लांबूनच. एक ठोका पकडा. सुळके दिसतील पण ते १, २, ३ पटीत नसतात, सारख्या जाडीच्या ताणलेल्या गोल पानाचे सूर साधारण १, १.५९, २.१४, २.३० असे कसेही येतात. डोक्याला त्यांच्यातून एक सूर बांधता येत नाही, म्हणून धम्म ऐकू येतं, सा नाही. ढोल ताणला की सगळेच सुळके वर सरकतात, आवाज टणक होतो, पण पट्टी काही लागत नाही. तबल्याला मात्र लागते, कारण मधली शाई, म्हणजे तो काळा गोल. तिच्या वजनानं पानाचे वरचे सूर खेचले जाऊन जवळपास सरळ पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये मोजून दाखवलं होतं. शाई बनवणाऱ्या कारागिरांनी ते त्याच्या कितीतरी आधी कानानं जमवलेलं होतं हे वेगळं.

रस्त्यावरचा प्रयोग

मित्राला बाईकवर पाठवा, ताशी ४० च्या स्पीडनं हॉर्न दाबून तुमच्या बाजूनं जायचं. पुण्यात ४० चा स्पीड मिळणं हाच खरा प्रयोग आहे, रविवारी सकाळी लवकर गावाबाहेरचा मोकळा रस्ता बघा, दवाखाना-शाळा जवळ नको. येताना हॉर्नच्या लाटा पुढं दाबल्या जातात, जाताना मागं ताणल्या जातात. ४० चा स्पीड म्हणजे सेकंदाला ११ मीटर, पुण्याच्या हवेत २५ अंशाला आवाज सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो, ३४६ मध्ये ११ मिळवून ३५७, वजा करून ३३५, आणि ३५७ भागिले ३३५ केलं की १.०६६ येतं. पेटीची एक पट्टी १.०५९५ पट होती आठवतंय? म्हणजे ४० नं जाणारी गाडी बाजूनं जाता जाता हॉर्न साधारण एक पट्टी उतरवते, काळी एकवरून पांढरी एक. दोन पट्ट्या उतरल्या तर गाडी ८० च्या आसपास आहे. हॉर्न कुठल्या सुराचा आहे याच्याशी देणंघेणं नाही, ट्रकचा असो नाहीतर स्कूटीचा, उतरणार तेवढ्याच पटीत.

शेवटचं एक, टोन जनरेटरवर ८,००० पासून वर जायचं आणि घरात कुणाला कुठपर्यंत ऐकू येतं ते बघायचं. पुस्तकात माणसाची मर्यादा २० ते २०,००० हर्ट्झ लिहिलेली असते, पण वय वाढतं तसं वरून कमी होत जातं, पोरांना १६,००० ऐकू येतं आणि आजोबांना १०,००० ला शांतता. यात एकच सांभाळा, ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत जायचं नाही. तुम्हाला ऐकू येत नसलं तरी कानावर तो आदळतच असतो, आणि शेजारी बसलेल्या पोराला पूर्ण ऐकू येत असतो. आवाज सुरुवातीलाच मध्यम ठेवा, इअरफोन काढा, स्पीकरवरच करा आणि नाही ऐकू आलं की तिथंच थांबा. साध्या मोबाईल स्पीकरचं वरच्या टोकाला काही खरं नसतं, त्यामुळं एकाच मोबाईलवर, सारख्या अंतरावरून सगळ्यांची परीक्षा घ्या, नाहीतर आजोबा म्हणतील तुझा फोनच खराब आहे.